शिंतोड्यांची बेरीज

मे २०२४ मध्ये सूर्यावर लागोपाठ मोठे स्फोट झाले, पृथ्वीवर चुंबकीय वादळ येऊन धडकलं आणि लडाखमधल्या हानलेच्या आकाशातली लाल आभा घरोघरच्या मोबाइलवर पोहोचली. त्या आठवड्यात मला कुणाकुणाचे फोन आले. जुने विद्यार्थी, पुण्याची मावसबहीण, दांडिया बाजारातले आमचे किराणावाले काकासुद्धा. सूर्याला झालंय काय, बडोद्याहून काही दिसेल का, मोबाइल बंद पडतील का. मी सगळ्यांना उत्तरं दिली, आनंदानं दिली. पण फोन ठेवल्यावर दर वेळी वाटायचं, खरी गोष्ट सांगायची राहूनच गेली.

गेली काही वर्षं माझं मन जिथे अडकलंय त्या घटना अगदी दुसऱ्या टोकाच्या आहेत. सूर्याच्या वातावरणात सतत लहान लहान ठिपके उजळत असतात. दहा सेकंद, वीस सेकंद, फार तर तीन-चार मिनिटं, आणि संपलं. त्यांनी कुठला उपग्रह बिघडत नाही, कुठे आकाश रंगत नाही. कॉलेजात दिवसभर भौतिकशास्त्र शिकवून घरी आल्यावर, जेवणं उरकली की मी लॅपटॉप उघडते आणि सूर्याच्या एखाद्या शांत तुकड्याची चित्रफीत मागे-पुढे करत हे ठिपके पाहत बसते. भौतिकशास्त्रातलं एक फार जुनं कोडं या ठिपक्यांनी सुटेल अशी आशा आहे. ती आशा कितपत खरी आहे, तेच सांगायला बसले आहे.

कोडं असं. सूर्याचा जो पृष्ठभाग आपल्याला दिसतो त्याचं तापमान साधारण साडेपाच हजार अंश सेल्सिअस. त्यापासून वर गेलं की तापमान कमी व्हायला हवं, थोडं अंतर तसं होतंही. पण आणखी वर, काही हजार किलोमीटरांत, ते एकदम उसळी घेतं आणि दहा-वीस लाख अंशांवर जातं. खग्रास ग्रहणात चंद्राभोवती जी मोतिया झळाळी दिसते तीच ही जागा, सूर्याचं प्रभामंडळ. उष्णता आपणहून थंड वस्तूकडून गरम वस्तूकडे जात नाही हे आम्ही अकरावीच्या मुलांना शिकवतो. मग साडेपाच हजार अंशांच्या जमिनीवर वीस लाख अंशांची हवा तापली कशी?

हे तापमान इतकं आहे हे कळायलाच सत्तर वर्षं गेली. ७ ऑगस्ट १८६९ च्या खग्रास ग्रहणात चार्ल्स यंग आणि विल्यम हार्कनेस या दोन अमेरिकी निरीक्षकांना प्रभामंडळाच्या प्रकाशाच्या वर्णपटात एक हिरवी रेषा दिसली. पृथ्वीवरच्या कुठल्याही मूलद्रव्याशी ती जुळेना. म्हणून नवं मूलद्रव्य कल्पिलं गेलं, त्याचं नाव कोरोनियम. त्यानंतर जगभरची माणसं ग्रहणामागून धावली. २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर विजयदुर्गला आले, कावसजी नायगमवाला पुण्याहून दुर्बिणी घेऊन जेऊरला गेले. कोरोनियम काही कुणाला प्रयोगशाळेत सापडलं नाही. १९४० च्या आसपास वॉल्टर ग्रोट्रियान आणि बेंग्ट एडलेन यांनी दाखवून दिलं की ती रेषा साध्या लोखंडाची आहे, फक्त त्या लोखंडाच्या अणूनं आपल्या २६ पैकी १३ इलेक्ट्रॉन गमावलेले आहेत. एवढे इलेक्ट्रॉन उडवून लावायचे तर दहा लाखांहून जास्त अंशांचं तापमान लागतं. म्हणजे मूलद्रव्याचं कोडं सुटलं आणि त्याच क्षणी तापमानाचं कोडं उभं राहिलं. मी हे पहिल्यांदा वाचलं ते मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत, सयाजीरावांच्या त्या लोखंडी मांडण्या आणि काचेच्या तक्तपोशीच्या इमारतीत. त्या दिवशी घरी चालत जाताना डोक्यात दुसरं काही नव्हतं.

एक गोष्ट मात्र लोक सहसा सांगत नाहीत, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं नीट कळत नाही. प्रभामंडळ तापवायला फार ऊर्जा लागत नाही. सूर्याच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमधून सहा कोटी वॅटच्या वर प्रकाश बाहेर पडतो. त्याच चौरस मीटरवरचं शांत प्रभामंडळ तापलेलं ठेवायला लागतात सुमारे तीनशे वॅट. सौर डागांच्या आसपासच्या धगधगत्या भागात लागतात दहा हजार. प्रभामंडळ इतकं विरळ आहे की एवढ्यावर त्याचं भागतं. तेव्हा ऊर्जा आहे का हा प्रश्नच नाही, ऊर्जा मुबलक आहे. ती वर पोहोचते कोणत्या वाटेनं आणि उष्णतेत बदलते कोणत्या क्षणी, हा प्रश्न आहे.

युजीन पार्कर यांनी १९८८ मध्ये त्याला एक उत्तर सुचवलं. हेच ते पार्कर, ज्यांचा सौर वाऱ्यावरचा, म्हणजे सूर्याकडून सतत वाहणाऱ्या कणांच्या झोतावरचा लेख १९५८ मध्ये दोन परीक्षकांनी नाकारला होता आणि संपादक सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी तरीही छापला होता. पार्कर म्हणाले, सूर्याच्या पृष्ठभागावर सगळीकडे वायूच्या हजारेक किलोमीटर रुंदीच्या उकळ्या फुटत असतात. प्रभामंडळातल्या चुंबकीय रेषांचे पाय या उकळ्यांमध्ये रुतलेले. उकळी फुटली की पाय सरकतो, शेजारच्या रेषेभोवती फिरतो, आणि वर त्या रेषांना पीळ बसत जातो. पीळ एका मर्यादेपलीकडे गेला की रेषा तुटून वेगळ्या रीतीनं जोडल्या जातात आणि साठलेली ऊर्जा एका झटक्यात मोकळी होते. मोठी सौर ज्वाला, म्हणजे सूर्यावरचा मोठा स्फोट, अशीच होते. पार्करांचं म्हणणं, तिच्या अब्जांश ऊर्जेचे असंख्य झटके सतत सगळीकडे बसत असतात आणि प्रभामंडळ म्हणजे त्या सगळ्यांची बेरीज. त्यांना त्यांनी नाव दिलं नॅनोफ्लेअर. एकेकटा नॅनोफ्लेअर तेव्हाच्या कुठल्याच दुर्बिणीला दिसण्याजोगा नव्हता. न दिसणाऱ्या गोष्टींच्या बेरजेवर दिसणाऱ्या प्रभामंडळाचा भार टाकायला धाडस लागतं, आणि ते पार्करांकडे आधीपासून होतं.

ही कल्पना ऐकली की आपल्याकडे कुणाच्याही तोंडून पटकन निघतं, थेंबे थेंबे तळे साचे. माझ्याही निघालं होतं, वर्गात, फळ्यापाशी उभं असताना. पण ही म्हण भौतिकशास्त्रात फुकट मिळत नाही. ती खरी ठरायला एक अट पुरी व्हावी लागते. ह्यू हडसन यांनी १९९१ मध्ये ती स्पष्ट मांडली, आणि माझ्या मते या सगळ्या विषयाचा कणा ती अटच आहे.

ती समजावून सांगायला मला बाबांची पावसाची वही फार उपयोगी पडते.

बाबा निवृत्त झाल्यावर त्यांनी गच्चीवर पर्जन्यमापक बसवला. पावसाळ्यात रोज सकाळी साडेआठला, वेधशाळेच्या वेळेला, ते वर जातात, मोजपात्रात पाणी ओततात, डोळा पाण्याच्या पातळीला आणून आकडा वाचतात आणि लांबोडक्या वहीत लिहितात. तारीख, मिलिमीटर, शेरा. मोजण्याइतकं पाणी नसेल पण भांड्याचा तळ ओला असेल, तर आकड्याच्या जागी 'शिंतोडे' असं लिहितात. ३१ जुलै २०१९ च्या पानावर अक्षर वेडंवाकडं आहे. त्या दिवशी बडोद्यात एका दिवसात सुमारे पाचशे मिलिमीटर पाऊस कोसळला, विश्वामित्री नदी शहरात घुसली, मगरी वस्त्यांत आल्या, आणि बाबा छत्री धरून पुन्हा पुन्हा वर जाऊन भांडं रिकामं करत होते, भरून वाहिलं तर नोंद चुकेल म्हणून. आईनं हाका मारल्या, ते आले नाहीत.

एका सुट्टीत मी ती वही घेऊन बसले. कुठलंही वर्ष घ्या, शिंतोड्यांचे आणि रिमझिमीचे दिवस पुष्कळ, मुसळधार दिवस मोजके. पण बेरीज करताना रिमझिमीचे सगळे दिवस गाळून टाकले तर वर्षाच्या एकूण पावसात विशेष फरक पडत नाही. उलट सर्वांत मोठे चार-पाच दिवस गाळले, की बेरीज पार कोसळते. म्हणजे आमच्या पावसापुरती ती म्हण खोटी आहे. बडोद्याजवळचं आजवा सरोवर भरतं ते मोजक्या धुवाधार दिवसांनी. लहान दिवस संख्येनं जास्त आहेत, पण पुरेसे जास्त नाहीत.

सगळं त्या 'पुरेसे'मध्ये आहे. घटना दहापट लहान झाली की तिची संख्या किती पटींनी वाढते? बरोबर दहापट वाढत असेल तर लहान-मोठ्यांचा वाटा सारखा. दहापटीहून कमी वाढत असेल तर मोठ्या घटनाच राज्य करतात, लहान कितीही असोत. दहापटीहून जास्त वाढत असेल तर लहानांची बेरीज मोठ्यांना मागे टाकते, आणि जितकं खाली जावं तितकी जास्तच टाकते. आलेखावर हा उतार मांडतात तेव्हा सीमारेषा दोन या आकड्यावर येते. दोनाच्या वर पार्करांची बाजू, खाली नाही. बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मग तुमच्या सूर्यावर किती येतो?"

प्रश्न तोच आहे, आणि उत्तरं अनेक आहेत. मोठ्या सौर ज्वाळांसाठी उतार बऱ्यापैकी ठरलेला आहे, दीड ते पावणेदोनच्या आसपास. म्हणजे ज्वाला दहापट लहान झाली तर संख्या साधारण तीन ते सहापट वाढते. याच उतारानं थेट खालपर्यंत गेलं तर नॅनोफ्लेअरची बेरीज पुरी पडणार नाही. पण खाली उतार बदलत असेल तर? १९९० च्या दशकाअखेर सोहो आणि ट्रेस ही याने अतिनील प्रकाशात सूर्याचे बारीक तपशील दाखवू लागली, तेव्हा लोक मोजायला बसले. १९९८ मध्ये क्रुकर आणि बेंझ यांचा उतार आला २.३ ते २.६. २००० मध्ये पार्नेल आणि जप यांचा २ ते २.६. त्याच वर्षी आशवांडेन आणि सहकाऱ्यांचा आला १.८ च्या आसपास. तोच शांत सूर्य, जवळपास त्याच जातीची चित्रं, आणि कुणी सीमेच्या वर, कुणी खाली.

हे वाचून बरेच जण वैतागतात. मला मात्र या विषयाचा लळा लागला तो इथेच. कारण फरक सूर्यात नव्हता, मोजण्यात होता, आणि मोजणं म्हणजे काय याचा इतका खोल विचार करायला लावणारी जागा मला दुसरीकडे भेटली नव्हती. ठिपक्याची ऊर्जा थेट दिसत नाही. दिसते उजळी. तिच्यावरून तापलेला वायू किती ते काढायचं, त्यासाठी त्याचं आकारमान हवं. लांबी-रुंदी चित्रात आहे, खोली नाही. ती सर्वांची सारखी धरली तर एक उतार येतो, पसरट ठिपका खोलही असणार असं धरलं तर दुसरा. शेजारी शेजारी उजळलेले दोन ठिपके एक घटना की दोन? एकच चुंबकीय कमान दोन्ही पायांपाशी उजळली असेल तर? आणि किती उजळलं म्हणजे उजळलं म्हणायचं? हवामान खातं अडीच मिलिमीटरहून कमी पाऊस झालेल्या दिवसाला पावसाचा दिवस मानत नाही. तशी एक रेघ इथेही ओढावी लागते. ती वर ओढली तर लहानगे गळतात, खाली ओढली तर नुसता गोंधळही घटना म्हणून मोजला जातो. संशोधनलेख हातात आला की मी आता आधी निष्कर्ष वाचत नाही, ही रेघ कुठे ओढली आहे ते शोधते.

माझ्या टेबलावर हे कसं दिसतं ते सांगते. सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरी हे यान २०१० पासून दर बारा सेकंदांनी सूर्याची अतिनील चित्रं घेतं आणि ती कुणालाही मोफत मिळतात. चित्रातला एक पिक्सेल म्हणजे सूर्यावरचे साधारण ४३५ किलोमीटर, इथून मुंबईपर्यंतच्या अंतराहून थोडं जास्त. १७१ अँगस्ट्रॉम तरंगलांबीच्या अतिनील प्रकाशातल्या चित्रफितीत शांत सूर्य सोनेरी, दाणेदार दिसतो. एखादा भाग मोठा करून चित्रं एकेक पुढे सरकवली की दिसतं, दाण्यांमध्ये एक पिक्सेल किंचित वर आला, पुढच्या चित्रात त्याचे दोन शेजारीही वर आले, एक बारीक आडवी रेघ झाली, मग तिचं एक टोक विझलं, मग दुसरं. पाच-सहा चित्रांचा खेळ, म्हणजे मिनिटभर. त्या रेघेत तापलेला वायू दहा लाख अंशांच्या आसपासचा असतो.

आता यातली मेख. यानाच्या कॅमेऱ्यावर अवकाशातले वेगवान कण सतत आदळत असतात. कण आदळला की तिथे एका चित्रापुरता लखलखीत ठिपका उमटतो. तो सूर्याचा नाही, म्हणून चित्रं आपल्या हाती येण्याआधीच संगणक असे ठिपके ओळखून पुसून टाकतो. काम चोख आहे, पण क्षणभर उजळून विझणाऱ्या खऱ्या ठिपक्याचीही ओळख नेमकी तशीच. संगणकाची चाळणी कधी कधी खराच ठिपका कचरा समजून काढते. सुदैवानं काढलेले ठिपके फेकून देत नाहीत, ते वेगळ्या फायलीत ठेवलेले असतात. त्या फायली उघडून कोणते ठिपके परत चित्रात ठेवायचे हे ठरवणं वेळखाऊ, डोळे दुखवणारं काम आहे, आणि मला ते मनापासून आवडतं.

या सगळ्यात ३० मे २०२० चा दिवस मोठा. टाळेबंदी चालू होती, बडोद्याचे रस्ते ओस पडले होते, आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत सुटलेलं सोलर ऑर्बिटर हे युरोपीय यान सूर्यापासून सुमारे आठ कोटी तीस लाख किलोमीटरवर, आपल्या निम्म्याहून थोड्या जास्त अंतरावर पोहोचलं होतं. त्यानं दर पाच सेकंदांना एक अशी पन्नास चित्रं घेतली. चार-साडेचार मिनिटांच्या त्या चित्रणात दीड हजाराच्या आसपास उजळणारे ठिपके सापडले. आकार चारशे ते चार हजार किलोमीटर, आयुष्य दहा ते दोनशे सेकंद, तापमान दहा ते सोळा लाख अंश, उंची पृष्ठभागापासून एक ते पाच हजार किलोमीटर. जुलैत ही चित्रं जगापुढे आली तेव्हा त्यांचं नाव कॅम्पफायर पडलं. डाव्हिड बर्गमान्स आणि त्यांच्या चमूनं केलेलं हे काम मी त्या काळात किती वेळा वाचलं असेल. आधीच्या दुर्बिणींना जिथे नुसती धूसर पार्श्वभूमी दिसत होती, तिथे ही वस्ती निघाली. मग २०२३ मध्ये त्याच यानाच्या चित्रांत लक्ष्मी प्रदीप चिट्टा आणि सहकाऱ्यांनी आणखी बारीक झोत दाखवले. काहीशे किलोमीटर रुंदीचे, वीस ते शंभर सेकंद टिकणारे, सेकंदाला शंभरेक किलोमीटरनं सुटणारे. तेही प्रभामंडळाच्या सर्वांत काळोख्या भागात, जिथे काही घडत नाही अशी समजूत होती.

तरी सांगते, दिसलेल्या कॅम्पफायरची बेरीज एकट्यानं प्रभामंडळ तापवायला पुरी पडते असं सिद्ध झालेलं नाही. बातम्यांचे मथळे तसे आले, ते घाईचे होते. हान्नेस आल्फवेन यांनी १९४२ मध्ये कल्पिलेल्या चुंबकीय लाटांचा पक्षही भक्कम आहे. चुंबकीय रेषांवरून लाटा वर चढतात, विरतात आणि वायू तापवतात. अशा लाटा प्रत्यक्ष दिसल्याही आहेत. लाटा की झटके हे भांडण एका पक्षाच्या पूर्ण जयानं मिटेल असं मला वाटत नाही, शांत भागाचं उत्तर आणि डागांजवळच्या भागाचं उत्तर वेगळं निघालं तरी मला नवल वाटणार नाही. पण झटक्यांची बाजू मांडायची तर ती मोजूनच मांडायला हवी.

आपल्याकडची एक मोजणी मला फार जवळची आहे. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे विक्रम लँडरशी संपर्क तुटला तेव्हा आम्ही सगळे जागे होतो. सकाळी कॉलेजात मुलं गप्प होती. चांद्रयान-२ संपलं असंच सगळ्यांनी धरलं. पण त्याचा परिभ्रमक चंद्राभोवती नीट फिरत होता आणि त्याच महिन्यात त्यावरचं एक लहान उपकरण कामाला लागलं. त्याचं नाव एक्सएसएम, सौर क्ष-किरण मापक, अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत तयार झालेलं. ते सूर्याचं चित्र काढत नाही. सगळ्या सूर्याकडून येणारे क्ष-किरण दर सेकंदाला मोजतं, बस. नेमका तेव्हा सूर्य त्याच्या अकरा वर्षांच्या चक्रातल्या अगदी शांत टप्प्यावर होता, दिवसेंदिवस एकही डाग नाही. ज्यांना मोठ्या ज्वाळांचा अभ्यास करायचा त्यांच्यासाठी हा दुष्काळ. लहान घटनांसाठी मात्र याहून चांगली वेळ नसते, कारण सूर्य खवळलेला असला की त्या झगमगाटात लहानगे बुडून जातात. ज्वाळांना ए, बी, सी, एम, एक्स अशा दहा-दहापटींच्या इयत्ता असतात. एक्सएसएमनं सर्वांत खालच्या ए इयत्तेच्याही खालचे ९८ सूक्ष्म उद्रेक टिपले, तेही डाग नसलेल्या, शांत सूर्यावर. शांत सूर्यावर इतके सूक्ष्म क्ष-किरण उद्रेक एवढ्या संख्येनं त्याआधी कुणी टिपले नव्हते. इथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर बनलेल्या डबीएवढ्या उपकरणानं हे केलं. लँडर पडल्याची बातमी प्रत्येकाला पाठ आहे, ही कुणालाच माहीत नाही, आणि मला ती प्रत्येक वर्गात सांगावीशी वाटते.

उदयपूरची सौर वेधशाळाही त्याच प्रयोगशाळेची. अरविंद भटनागर यांनी १९७० च्या दशकाच्या मध्याला ती फतेहसागर तलावातल्या बेटावर उभी केली. दिवसा जमीन तापते, हवा थरथरते आणि सूर्याचं चित्र पाण्याखालून पाहावं तसं हलतं. चहूबाजूंनी पाणी असलं की ही थरथर कमी होते. मुलांना घेऊन गेले होते तेव्हा एकानं विचारलं, यानं असताना जमिनीवरून बघायचं कशाला. मी त्याला एलरमन यांचं सांगितलं. १९१७ मध्ये फर्डिनंड एलरमन यांनी माउंट विल्सनवरून, जमिनीवरच्याच दुर्बिणीतून, हायड्रोजनच्या प्रकाशात काही मिनिटं टिकणारे बारीक स्फोट पाहिले. लहान उजळींच्या अभ्यासाची ती सुरुवात म्हणता येईल. शंभर वर्षांनंतरही त्यांच्यावर लेख निघतायत, कारण पृष्ठभागालगतचा चुंबकीय पीळ अजून जमिनीवरच्या मोठ्या दुर्बिणीच सर्वांत बारकाईनं दाखवतात.

आता आपलं आदित्य-एल१ हे सौरयान पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर जाऊन बसलंय, ६ जानेवारी २०२४ पासून. त्यावरचं बंगळुरूचं व्हीईएलसी हे उपकरण सूर्याची तबकडी झाकून प्रभामंडळ पाहतं, आणि ज्या रेषांमध्ये पाहतं त्यांत ती हिरवी, तेरा इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची रेषाही आहे. २२ जुलै २००९ ला बडोदं खग्रास पट्ट्यात होतं. सूर्य नुकताच उगवलेला, आम्ही कमाटी बागेत जमलेलो, आणि वर पावसाळी ढगांची गच्च चादर. अंधार आला, पक्षी गोंधळले, दिवे लागले, प्रभामंडळ दिसलं नाही. बाबा तेव्हा म्हणाले होते, "दिसलं नाही तरी आहे ना गं वर." ज्या झळाळीसाठी लॉकयर बोटीनं कोकणात आले, ती आता ढगांची पर्वा न करता रोज टिपली जाते.

बाबांच्या प्रश्नाला मी अजून आकडा दिलेला नाही. मी एकाच चित्रफितीवर उजळीची रेघ वर-खाली सरकवून मोजून पाहते, प्रत्येक वेळी उतार थोडा हलतो, कधी दोनाच्या अलीकडे, कधी पलीकडे. कोणत्या टप्प्यापर्यंत तो हलत नाही, ते मला हवं आहे. माझी एक विद्यार्थिनी पुसलेल्या ठिपक्यांच्या फायलींवर काम करते. गेल्या आठवड्यात संध्याकाळी तिचा फोन आला, धापा टाकत. "मॅडम, एक ठिपका १७१ मध्येही पुसलाय आणि १९३ मध्येही, त्याच जागी." ही दोन चित्रं वेगवेगळ्या दुर्बिणी वेगवेगळ्या कॅमेऱ्यांवर घेतात. बाहेरून आलेला एकच कण दोन्हीकडे सूर्याच्या एकाच जागेवर ठिपका उमटवेल ही शक्यता नगण्य. तो ठिपका सूर्याचाच असणार. त्या वेळी सोलर ऑर्बिटरही तोच भाग पाहत होतं का, याच्या नोंदी ती सध्या चाळते आहे. तिनं पुन्हा विचारलं, आपण तो मोजणीत धरायचा ना? मी म्हटलं, धर, आणि त्याच्यासारखे आणखी किती पुसले गेलेत ते आधी बघ.